झिरो माइलच्या पलीकडे काय? उसळणारं विश्व की इन्फ्लेशन

धंतोलीकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मी नागपुरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. गेल्या आठवड्यात अकरावीची मुलं घेऊन गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात गेलो होतो. तारांगणातला कार्यक्रम संपला आणि बाहेर डबे उघडले. तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, महास्फोटाच्या आधी काय होतं?" माझ्या सरांनी मला दिलेलं उत्तरच मी तिला दिलं. काळच तिथे सुरू झाला, म्हणून 'आधी' हा शब्द तिथे लागू होत नाही. ती काही बोलली नाही. परतताना बस झिरो माइलपाशी अडकली. तिने खिडकीतून ते चार घोडे आणि खांब दाखवला. म्हणाली, "सर, जबलपूर-हैदराबादची अंतरं इथून मोजली. पण रस्ता काही इथे सुरू झाला नाही ना?"

मी तिला दिलेलं उत्तर अपुरं होतं, हे कबूल करायला हा धागा काढतोय.

'काळ तिथे सुरू झाला' हे कोणी मोजलेलं नाही. आइन्स्टाइनची समीकरणं मागे मागे नेली की घनता अनंत होते आणि समीकरणं तिथे हात टेकतात. १९५५ साली कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी एक समीकरण मांडलं. गुरुत्वाकर्षण जर नेहमी ओढतच असेल, तर जवळ येणाऱ्या वाटा एका ठिकाणी मिळाल्याशिवाय राहत नाहीत, असं ते सांगतं. पेनरोज आणि हॉकिंग यांची प्रमेयं याच पायावर उभी आहेत. पण त्या वाक्यात एक 'जर' आहे आणि आजचा सगळा वाद त्या 'जर'चा आहे.

आता मूळ अडचण बघू. आज रात्री गच्चीवर जा, हात पूर्ण लांब करा आणि करंगळी आकाशासमोर धरा. तिची रुंदी साधारण १ अंश भरते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण म्हणून आपल्याला मिळतो. साध्या महास्फोटाच्या हिशेबाने तोवर प्रकाशाला जेवढं अंतर कापता आलं असतं, तेवढं आज आकाशात एक-दोन करंगळ्यांएवढं दिसतं. त्याहून लांबच्या दोन जागांची कधी गाठच पडलेली नाही. तरीही पूर्वेकडचं प्रारण २.७२५ केल्विन आणि पश्चिमेकडचंही २.७२५ केल्विन. फरक निघतो तो लाखात एखाद्या भागाचा.

मे महिन्यात इतवारीतल्या एका माठातलं आणि धरमपेठेतल्या दुसऱ्या माठातलं पाणी लाखातल्या एका भागापर्यंत सारखं गार निघालं, तर आपण काय म्हणू? हे दोन्ही कधीतरी एकाच माठात होतं.

इन्फ्लेशनवाले तेच म्हणतात. १९८०-८१ मध्ये स्टारोबिन्स्की आणि गूथ, पाठोपाठ १९८२ मध्ये लिंडे आणि अल्ब्रेक्ट-स्टाइनहार्ट यांनी मांडलं की माठ एकच होता, पण इवलासा. सेकंदाच्या १० च्या उणे ३६ व्या घाताच्या आसपास तो किमान १० च्या २६ व्या घाताइतक्या पटीने फुगला, आणि सारखेपणा सगळीकडे पसरला.

उसळीवाले म्हणतात, इतकी घाई कशाला? गाठ पडायला वेळ हवा असेल तर तो शून्याच्या पलीकडे भरपूर आहे. आजच्या प्रसरणाआधी विश्व आकुंचन पावत होतं, एका हद्दीपर्यंत आलं आणि उलटं फिरलं. माठातलं पाणी रात्रभर ठेवलं की आपोआप एकसारखं होतं, तसं.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच खरी मेख आहे. तिच्यावर मला थोडं थांबायचंय.

वर्तमानपत्राचा एक कागद घ्या आणि मुठीत चुरगळा. गोळा लहान होतो, पण गुळगुळीत होत नाही. घड्या जास्त टोकदार होतात, एकीकडून दाबला की दुसरीकडून कोपरा बाहेर येतो. मी हे वर्गात करून दाखवलं. आकुंचन पावणाऱ्या विश्वाचंही असंच होतं, हे बेलिन्स्की, खलातनिकोव्ह आणि लिफ्शिट्झ यांनी १९७० च्या सुमारास दाखवलं. विश्वातली अंतरं निम्मी झाली की साध्या द्रव्याची घनता ८ पट होते, प्रारणाची १६ पट, आणि दिशादिशांमधल्या असमानतेची ऊर्जा ६४ पट. शर्यतीत असमानताच पुढे निघते. शेवटी हातात एकसारखं विश्व येत नाही, चुरगळलेला कागद येतो. उसळणाऱ्या विश्वाची आधीची प्रतिमानं इथेच अडत होती.

२००१ मध्ये खौरी, ओव्रट, स्टाइनहार्ट आणि टुरोक यांनी एकपायरोटिक प्रतिमान मांडलं. स्टाइनहार्ट तेच, इन्फ्लेशन उभारणाऱ्यांपैकी एक. त्यांची युक्ती अशी की आकुंचनाच्या काळात विश्वावर राज्य करणारं अदिश क्षेत्र (जागोजागी फक्त एक आकडा, दिशा नाही) असं असावं, ज्याचा दाब त्याच्या ऊर्जा-घनतेहूनही जास्त आहे. अशा क्षेत्राची घनता ६४ पटीहून वेगाने वाढते, असमानतेला मागे टाकते आणि सुरकुत्या विरतात. रव्याचा लाडू वळताना तळहात सगळीकडून सारखा दाब देतो, तसं काहीसं. यात अंतरं फारशी कमी होतही नाहीत. आकुंचन अतिशय संथ असतं. मला यातली हीच गोष्ट सर्वात सुंदर वाटते. गुळगुळीतपणासाठी स्फोटक फुगण्याची गरज नाही, संथ आकसणंही पुरतं.

माझं मत स्पष्ट लिहितो. उसळीचं विश्व सिद्ध झालेलं नाही. पण मुलांना 'आधी काही नव्हतं' असं ठणकावून सांगणं मी आता बंद केलंय.

---

अवकाशवेडी

वाचनखूण साठवली. माठाचं उदाहरण नागपूरकरालाच सुचू शकतं. :)

---

मी_कामठीचा

सर, लय मस्त लिहिलं. पण मले एक सांगा. बॉल खाली टाकला तं जमीन त्याले उसळवते. इथं विश्व आकसून राहिलं, आकसून राहिलं, अन् मंग एकदम उलटं फिरलं. जमीन कुठं हाये? कोनं फिरवलं त्याले?

---

पुंजगुरुत्व

@मी_कामठीचा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी याच क्षेत्रात संशोधन करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकुंचन थांबवून उलटं फिरवायचं असेल तर रायचौधुरींच्या समीकरणातला तो 'जर' मोडावा लागतो. आपल्या ओळखीचं कुठलंही द्रव्य तो मोडत नाही. मार्ग ढोबळमानाने दोन.

पहिला, विचित्र क्षेत्र आणायचं, ज्याची ऊर्जा-घनता आणि दाब यांची बेरीज ऋण होते. अशा क्षेत्रात बहुतेक वेळा अस्थिरता शिरते आणि निर्वातच टिकत नाही. इज्जास आणि स्टाइनहार्ट यांनी २०१६-१७ मध्ये अशी उदाहरणं दाखवली की उसळीच्या आसपास ही अस्थिरता टाळता येते. पण ते क्षेत्र निसर्गात आहे का, याचा पुरावा नाही.

दुसरा मार्ग आपल्या मातीशी जोडलेला. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये सापेक्षतावादाची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहिली. त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. या सिद्धांतात अवकाश सलग नसतं, क्षेत्रफळाला सर्वात लहान तुकडा असतो. हेच विश्वाला लावून अष्टेकर, पावलोव्स्की आणि सिंग यांनी २००६ मध्ये गणित सोडवलं. घनता प्लँक घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांवर पोचली की गुरुत्वाकर्षण ओढायचं सोडून ढकलू लागतं. म्हणजे पाण्याच्या घनतेच्या १० च्या ९३ व्या घाताइतक्या पटींच्या घरात. तुमच्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर असं की अवकाशाचा दाणेदारपणा हीच जमीन.

धागाकर्त्यांसाठी एक दुरुस्ती. उसळी म्हणजे इन्फ्लेशनला पर्याय, असं सरसकट नाही. अष्टेकरांच्या चित्रात आधी उसळी येते आणि मग नेहमीचं इन्फ्लेशनही होतं. इन्फ्लेशनला बाजूला सारतात ती एकपायरोटिकसारखी संथ आकुंचनाची प्रतिमानं. वर दोन्ही एका पिशवीत गेलीत.

---

धंतोलीकर

@पुंजगुरुत्व, दुरुस्ती मान्य, मनापासून आभार. वेगळं लिहायला हवं होतं.

---

मी_कामठीचा

समजलं. म्हंजे जमीन हाये, फक्त ती आपल्याले माहीत असलेल्या सामानाची नाही.

---

गणिती_माणूस

धागा चांगला आहे, पण इन्फ्लेशनवर अन्याय होतोय. विश्वातले लाखात एक भागाचे चढउतार कुठून आले? मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी १९८१ मध्ये क्वांटम थरथरीतून ते काढले, कोबे उपग्रहाने १९९२ मध्ये ते टिपायच्या किती आधी! हे चढउतार सर्व आकारांवर जवळपास सारखे, पण अगदी सारखे नाहीत, असं इन्फ्लेशनचं भाकीत होतं. हा सारखेपणा एका आकड्याने मोजतात; चढउतार अगदी सारखे असते तर तो १ आला असता. पार्श्वप्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाने तो ०.९६५ मोजला. हे यश छोटं नाही.

उसळीवाल्यांकडे काय होतं? एकच क्षेत्र वापरलं तर एकपायरोटिकमध्ये लहान आकारांकडे भलताच झुकलेला आलेख येतो. तो सावरायला दुसरं क्षेत्र आणावं लागलं. निकाल माहीत झाल्यावर प्रतिमान दुरुस्त करणं आणि आधी सांगणं, यात फरक आहे.

---

धंतोलीकर

@गणिती_माणूस, यातला बराचसा भाग मी मान्य करतो. तो ०.९६५ चा आकडा मलाही दरवर्षी शिकवताना भारावून टाकतो. दुसऱ्या क्षेत्राचा आक्षेपही रास्त आहे.

पण दुसरी बाजूही मांडतो. इन्फ्लेशन एकदा सुरू झालं की सगळीकडे एकदम थांबत नाही. कुठेतरी ते चालूच राहतं आणि नवनवी विश्वं बनत जातात, प्रत्येकात वेगळे आकडे. मग 'इन्फ्लेशन काय सांगतं' या प्रश्नाचं उत्तर 'सगळंच' असं होतं. स्टाइनहार्ट यांचा मुख्य राग यावर आहे. २०१७ मध्ये इज्जास, स्टाइनहार्ट आणि लोब यांनी एका विज्ञान मासिकात हे जाहीरपणे लिहिलं. त्यावर गूथ, लिंडे, हॉकिंग यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. शिवाय इन्फ्लेशनही सुरुवातीचा प्रश्न मिटवत नाही. बोर्ड, गूथ आणि विलेंकिन यांनी २००३ मध्ये दाखवलं की इन्फ्लेशन भूतकाळात अनंत मागे नेता येत नाही. त्याच्याही पलीकडे काहीतरी हवंच.

तरी माझ्या दृष्टीने निकालाची जागा वेगळी आहे. इन्फ्लेशन झालं असेल तर अवकाश स्वतः थरथरलं असणार आणि आदिम गुरुत्वलहरी निर्माण झाल्या असणार. त्यांचा ठसा पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणात, भोवऱ्यांसारख्या नक्षीत सापडायला हवा. त्याचं माप 'आर' या आकड्याने सांगतात. संथ आकुंचनात ही थरथर इतकी क्षीण असते की आर जवळजवळ शून्य.

१७ मार्च २०१४ ची संध्याकाळ मला आठवते. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने आर ०.२ असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर खडूने मोठं ०.२ काढलं आणि मुलांना म्हणालो, विश्वाचा पहिला क्षण सापडला. २०१५ च्या जानेवारीत प्लँकची आकडेवारी जोडून पाहिली, तेव्हा त्या खुणेत आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा मोठा वाटा निघाला आणि दावा टिकला नाही. त्याच मुलांना पुन्हा बसवून मी ते सांगितलं. बायसेप-केक यांच्या २०२१ च्या निकालानुसार आर ०.०३६ च्या खाली आहे. इन्फ्लेशनची कित्येक साधी प्रतिमानं त्यात गेली. स्टारोबिन्स्कीचं अजून उभं आहे, कारण त्याचं भाकीत ०.००३-०.००४ च्या घरातलं आहे.

आता यातला असमतोल पाहा. उद्या आर सापडला तर संथ आकुंचनाची प्रतिमानं जवळपास निकालात निघतात. नाही सापडला तर मात्र इन्फ्लेशन मरत नाही, आणखी बारीक आकडा देणारं प्रतिमान पुढे येतं. कोणाच्या बाजूने किती पुरावा आहे हे एक. पण कोण आपली मान पुढे करून उभं आहे, हेही मी वर्गात सांगतो.

---

पुंजगुरुत्व

मान पुढे करण्याबद्दल जोड. उसळीचं आणखी एक प्रतिमान आहे, ज्यात साध्या द्रव्याने भरलेलं विश्व आकुंचन पावतं. त्याचं भाकीत उलट, आर मोठा. ०.०३६ ची मर्यादा आल्यावर त्याची साधी रूपं आताच अडचणीत आहेत. म्हणजे उसळीची घरंही निरीक्षणांनी पाडली आहेत. हे चांगलंच आहे.

---

वैशाली_वर्धा

औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय ना? आपल्याकडून हिंगोली काही फार लांब नाही. तिथे या आदिम लहरी सापडतील का?

---

गणिती_माणूस

नाही ताई. लायगो ऐकतं ते सेकंदाला दहा ते काही हजार कंपनांच्या लहरी, कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना निघतात तशा. इथे ज्यांचा शोध चाललाय त्यांची तरंगलांबी आज कोट्यवधी प्रकाशवर्षांची. त्या थेट ऐकू येत नाहीत, पार्श्वप्रारणावरचा त्यांचा ठसाच शोधावा लागतो. चिलीतली सायमन्स वेधशाळा तेच करतेय. जपानचा लाइटबर्ड उपग्रह पुढे पाठवायचा बेत आहे. आरमधली अनिश्चितता ०.००१ पर्यंत आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे.

---

आजोबा_महाल

मी निवृत्त माणूस, विज्ञान फारसं शिकलेलो नाही. आपल्याकडे कल्प सांगितला आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, मग प्रलय, मग पुन्हा सृष्टी. मग हे उसळणं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं असं म्हणता येईल का?

---

धंतोलीकर

आजोबा, नमस्कार. माझी आजीही संकल्प सोडताना कल्प, मन्वंतर म्हणायची, ते कानात आहे. इतक्या मोठ्या काळाची कल्पना करणं हेच थोर आहे. पण ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या विश्वाचं मोजलेलं वय १३८० कोटी वर्षं आहे, एका कल्पाच्या तिपटीहून जास्त. शिवाय कल्पाच्या हिशेबातून करंगळीएवढ्या आकाशाचं तापमान काढता येत नाही. श्रद्धेतला कल्प मला प्रिय आहे, म्हणूनच मी त्याला प्रयोगशाळेत साक्षीला उभा करत नाही.

दुसरं म्हणजे, चक्रं मानली तरी भौतिकशास्त्रात ती फुकट मिळत नाहीत. १९३० च्या दशकात टोलमन यांनी दाखवलं की प्रत्येक फेरीत एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) वाढते, म्हणून पुढची फेरी आधीपेक्षा लांब होते. मागे जावं तर फेऱ्या लहान होत जातात आणि पुन्हा एका सुरुवातीपाशी येतो. आजची चक्रीय प्रतिमानं यातून वाट काढतात ती अशी, की प्रत्येक फेरीत विश्व एकूण मोठंच होत जातं, त्यामुळे जुनी एन्ट्रॉपी विरळ होऊन नजरेपार जाते.

---

आजोबा_महाल

समजावून सांगितलंत, बरं वाटलं. सुखी राहा.

---

अवकाशवेडी

नारळीकर सरांचा उल्लेख कसा नाही? फ्रेड हॉईल, जेफ्री बर्बिज आणि सरांनी १९९३ मध्ये जे मांडलं त्यातही विश्व शून्यापर्यंत जातच नाही ना?

---

पुंजगुरुत्व

बरोबर. त्या स्थिरवत् विश्वात सुमारे ५००० कोटी वर्षांची आंदोलनं आहेत, आणि त्यांच्या पोटात त्याहून खूप संथ प्रसरण. द्रव्यनिर्मिती करणाऱ्या क्षेत्राची ऊर्जा ऋण, त्यामुळे आकुंचन एका किमान आकाराला थांबून उलटं फिरतं. म्हणजे रायचौधुरींचा 'जर' सरांनीही मोडला होता. पार्श्वप्रारण मात्र त्यांना जुन्या ताऱ्यांचा प्रकाश आणि लोहकणांची धूळ यांतून मिळवावं लागलं. त्यातले चढउतार प्लँकच्या आलेखाशी जुळवणं त्या प्रतिमानाला जमलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले. ते पटत नाही ते मोठ्याने म्हणायचे, आणि त्यासाठी आकडे घेऊन यायचे. मी या क्षेत्रात आलो त्याला ते एक कारण आहेत.

---

वैशाली_वर्धा

मग आपलं विश्व पुन्हा आकसेल का?

---

गणिती_माणूस

प्रसरणाला वेग देणारी डार्क एनर्जी कायम तेवढीच राहिली तर नाही. पण डेसी सर्वेक्षणाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत ती क्षीण होत असल्याचे संकेत आहेत. शिक्कामोर्तब झालेलं नाही. आंद्रेई, इज्जास आणि स्टाइनहार्ट यांनी २०२२ मध्ये हिशेब मांडला होता की ती वेगाने घसरत असेल तर प्रवेगी प्रसरण साडेसहा कोटी वर्षांत थांबू शकतं आणि आकुंचन १० कोटी वर्षांच्या आत सुरू होऊ शकतं. हा अंदाज नाही, आजच्या निरीक्षणांना न दुखवता किती लवकर होऊ शकेल याची मर्यादा आहे.

---

धंतोलीकर

आज कॉलेजात त्या मुलीला हा सगळा धागा वाचून दाखवला. जेवणाच्या सुट्टीत तिने वर्तमानपत्र चुरगळूनही पाहिलं. मग विचारलं, "सर, पलीकडचं काही इकडे येतं का? एखादी खूण?" मला नीट सांगता आलं नाही. @पुंजगुरुत्व, तुम्ही सांगाल का?

---

पुंजगुरुत्व

संथ आकुंचन बहुतेक सगळं पुसतं, त्याचं कामच ते आहे. कार आणि कोली यांनी २०११ मध्ये काही कृष्णविवरं उसळीतून तगून येऊ शकतील का, हे तपासलं होतं. तशी एखादी ओळखता येईल का, हा प्रश्न उघडा आहे.

पण तिला हे नक्की सांगा. त्या प्रतिमानांत लाखात एक भागाचे चढउतार उसळीच्या आधी, आकुंचनातच तयार झालेले असतात. आकाशगंगा त्यांच्यावरच बांधली गेली. ती प्रतिमानं खरी असतील, तर झिरो माइलच्या पलीकडची खूण शोधायला तिला फार लांब जावं लागणार नाही.

---

धंतोलीकर

सांगतो उद्या. पहिला तास तिच्याच वर्गावर आहे.